कागदावर गोरे, शाळेत मेक्सिकन

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मुलीच्या हायस्कूलमध्ये (कॅलिफोर्निया) चिकानो चळवळीवर प्रोजेक्ट आहे. मला सीझर चावेझ आणि द्राक्षमजुरांचा संप एवढंच ठाऊक. चळवळ म्हणजे तो संपच का? चिकानो आणि मेक्सिकन यांत फरक काय? आणि एवढं करून शेवटी बदललं काय?"

मी कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत एका कम्युनिटी कॉलेजमध्ये वीसेक वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवतो आहे. वर्गातली निम्म्याहून अधिक मुलं मेक्सिकन घरांतली. त्यामुळे हा विषय मी जितका पुस्तकांतून शिकलो, तितकाच त्यांच्या आजी-आजोबांच्या ट्रंकेतल्या कागदांतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीनं आजोबांचे दोन कागद आणले होते. एक जन्मदाखला. त्यात वंशाच्या रकान्यात लिहिलेलं: गोरा. दुसरा त्याच आजोबांचा शाळेचा कागद. त्यावर शाळेचं नाव: 'मेक्सिकन स्कूल'. म्हणजे गोऱ्यांच्या शाळेनं ज्याला दारात उभं केलं नाही, तो माणूस सरकारदरबारी गोराच. मुलगी म्हणाली, "सर, यातला खरा कागद कुठला?"

दोन्ही खरे. चिकानो चळवळ समजून घ्यायची तर या दोन कागदांमधल्या फटीत उतरावं लागतं. संपावरून सुरुवात केली की ती मजुरीची भांडणं वाटतात, मोर्च्यांवरून केली की कृष्णवर्णीयांच्या चळवळीची धाकटी आवृत्ती वाटते. ती दोन्ही नाही.

फट पडली १८४८ मध्ये. मेक्सिको-अमेरिका युद्ध संपलं, २ फेब्रुवारीला ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोचा जवळपास निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला. आजचं कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा बराच भाग, कोलोरॅडोचा तुकडा. टेक्सास तर आधीच गेलं होतं. तिथली माणसं आपापल्या घरांतून हलली नाहीत, देश हलला. "आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनं आम्हाला ओलांडलं" ही पुढे गाजलेली घोषणा त्यातूनच आली. ज्यांनी वर्षभरात मेक्सिकन नागरिकत्व राखायचं ठरवलं नाही, ते अमेरिकन नागरिक मानले जातील, असं तहात होतं. जमिनीच्या जुन्या सनदा जपणारं दहावं कलम मात्र अमेरिकन सेनेटनं मंजुरीच्या वेळी उडवलं. कॅलिफोर्नियात तर १८५१ च्या कायद्यानं प्रत्येक जमीनमालकालाच आपली मालकी सिद्ध करायला लावलं. खटले वर्षानुवर्षं चालले. जे जिंकले त्यांच्यातल्याही कित्येकांची जमीन वकिलांच्या फीमध्ये गेली.

आता वंशाच्या रकान्याकडे या. त्या काळच्या कायद्यानं परक्या माणसाला अमेरिकन नागरिक व्हायचं तर तो 'गोरा' असावा लागे (१८७० नंतर आफ्रिकन वंशाचाही चाले). मग तहानं नागरिक झालेले हे लोक कोण? कायद्याच्या तर्कानं गोरे. सॅन अँटोनियोत १८९७ मध्ये रिकार्डो रॉड्रिगेझ या माणसाचा नागरिकत्वाचा अर्ज आला तेव्हा न्यायाधीशानं दिसण्यावरून तो गोरा नाही असं मानूनही तहाकडे बोट दाखवून अर्ज मंजूर केला.

आपल्या लोकांना हे कवच नव्हतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भारतीय माणूस गोरा नाही असं ठरवलं आणि सरकार दिलेली नागरिकत्वंही परत घेऊ लागलं. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. पुढे त्यांच्याही नागरिकत्वावर सरकारनं खटला भरला; तो मात्र ते लढून जिंकले. त्याच काळात इम्पीरियल व्हॅली आणि युबा सिटीकडचे पंजाबी शेतकरी मेक्सिकन मुलींशी लग्नं करत होते. आंतरवंशीय लग्नाला बंदी होती, पण परवाना देणारा कारकून दोघांचा वर्ण डोळ्यांनी बघायचा, जुळला की सही. त्या घरांत नवरा कायद्यानं बिगरगोरा आणि बायको कायद्यानं गोरी! असो, हे विषयांतर मी वर्गातही नेहमी करतो.

तर, हे कागदी गोरेपण मेक्सिकन-अमेरिकन मध्यमवर्गानं बराच काळ जपलं. १९२९ मध्ये कॉर्पस क्रिस्टीला स्थापन झालेली 'लुलॅक' ही संघटना असो की दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी डॉ. हेक्टर गार्सिया यांनी १९४८ मध्ये काढलेला 'अमेरिकन जीआय फोरम' असो, त्यांचं म्हणणं साधारण असं: आम्ही निष्ठावंत नागरिक आहोत, आम्ही गोरेच आहोत, तसं वागवा. १९३० च्या जनगणनेत 'मेक्सिकन' असा वेगळा वंश छापला गेला तेव्हा त्याविरुद्ध ओरड झाली आणि १९४० मध्ये तो रकाना गेला. आजच्या चष्म्यातून हे लाचारीचं वाटेल. मला तसं वाटत नाही. ज्या काळात 'गोरा नाही' या दोन शब्दांनी माणसाचं घर, मत, शाळा सगळं जात होतं, त्या काळात हातात असलेला एकमेव कागद कोण फाडेल?

आणि त्या कागदानं काम केलंही. ऑरेंज काउंटीतल्या वेस्टमिन्स्टर गावी १९४४ मध्ये गोन्झालो मेंडेझ यांची मुलं आत्याबरोबर शाळेत नाव घालायला गेली. आत्याच्या मुलांचा रंग उजळ आणि आडनाव फ्रेंच वाटणारं. त्यांना प्रवेश मिळाला. मेंडेझ मुलांना मेक्सिकन शाळेचा रस्ता दाखवला. आत्या सगळ्यांनाच घेऊन घरी परतली. मेंडेझ कुटुंब तेव्हा एका जपानी-अमेरिकन कुटुंबाचं शेत कसत होतं, कारण त्या जपानी कुटुंबाला सरकारनं छावणीत डांबलं होतं. मेंडेझ कोर्टात गेले आणि त्या शेताच्या कमाईतला पैसा खटल्यात गेला. १९४६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, १९४७ मध्ये अपील कोर्टानं तो कायम केला आणि त्याच वर्षी राज्यपाल अर्ल वॉरन यांनी कॅलिफोर्नियाच्या कायद्यात उरलेली शाळांमधली वंशविभागणी काढून टाकली. सात वर्षांनी हेच वॉरन सरन्यायाधीश म्हणून 'ब्राउन' खटल्याचा जगप्रसिद्ध निकाल वाचणार होते: काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य.

पण 'ब्राउन'च्या बरोबर दोन आठवडे आधी, ३ मे १९५४ ला, त्याच न्यायालयानं आणखी एक निकाल दिला होता. तो फारसा कोणाला आठवत नाही. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासाची किल्ली तिथे आहे. टेक्सासच्या जॅक्सन काउंटीत पीट हर्नांडेझ नावाच्या शेतमजुरावर खुनाचा आरोप होता. त्यानं खून केला नाही असं कोणी म्हणत नव्हतं. वकील गस गार्सिया आणि कार्लोस कदेना यांचा मुद्दा ज्यूरीचा होता: २५ वर्षांत जॅक्सन काउंटीत जवळपास ६००० लोक ज्यूरीच्या कामावर बसले, त्यांत मेक्सिकन आडनावाचा एकही नाही. टेक्सासचं उत्तर ऐका. मेक्सिकन लोक गोरे, ज्यूरी गोऱ्यांची. मग भेदभाव झालाच कुठे?

ज्या कोर्टाच्या इमारतीत हे चाललं होतं, तिथे पुरुषांची दोन स्वच्छतागृहं होती. एकावर काहीच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्यावर 'कृष्णवर्णीय पुरुष' आणि खाली स्पॅनिशमध्ये 'ओम्ब्रेस आकी', म्हणजे 'पुरुषांसाठी इथे'. हे दार वॉरन यांच्या निकालपत्रात नोंदवलेलं आहे. राज्याचा सगळा युक्तिवाद त्या एका पाटीनं पाडला. न्यायालय एकमतानं म्हणालं की राज्यघटनेचं समान संरक्षण फक्त काळ्या-गोऱ्या या दोनच वर्गांपुरतं नाही. एखाद्या समाजाला स्थानिक पातळीवर वेगळं काढून वागवलं जात असेल तर त्यालाही ते लागू आहे.

एवढं होऊनही गोरेपणाचा सापळा सुटला नाही. उलट १९७० मध्ये ह्यूस्टनमध्ये त्यानं कमाल केली. काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र शिकवा असा कोर्टाचा आदेश होता. शाळा-प्रशासनानं काय केलं? मेक्सिकन मुलांना गोरी धरलं, काळ्या मुलांच्या शाळांशी त्यांच्या शाळांची जोडी लावली आणि झालं एकत्रीकरण, असं जाहीर केलं. खऱ्या गोऱ्या वस्त्यांतल्या शाळांना धक्का नाही. मेक्सिकन पालकांनी मुलं घरी ठेवली, चर्चमध्ये आणि सभागृहांत 'उएल्गा' म्हणजे संपाच्या शाळा उघडल्या आणि म्हणाले, आम्ही तपकिरी आहोत, गोरे नाही. त्याच वर्षी कॉर्पस क्रिस्टीच्या खटल्यात एका संघीय न्यायाधीशानं मेक्सिकन-अमेरिकनांना शाळांच्या बाबतीत स्वतंत्र अल्पसंख्य समाज मानलं. १९७३ मध्ये डेन्व्हरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरलं.

इथे 'चिकानो' या शब्दाला अर्थ येतो. शब्द बहुधा 'मेशिकानो' या जुन्या उच्चारावरून आला. आधीच्या पिढीत तो शिवीच्या अंगानं जाणारा होता. सुस्थितीतले मेक्सिकन-अमेरिकन लोक तो गरीब, नव्यानं आलेल्यांसाठी वापरत. साठच्या दशकातल्या पोरांनी तोच उचलून छातीवर लावला. पत्रकार रूबेन सालाझार यांनी १९७० च्या फेब्रुवारीत लिहिलं होतं की गोऱ्यांच्या नजरेतून स्वतःकडे न बघणारा मेक्सिकन-अमेरिकन म्हणजे चिकानो. याहून नेमकी व्याख्या मला अजून मिळालेली नाही. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मेक्सिकन हे मूळ झालं, चिकानो ही भूमिका आहे.

आता संपाकडे. तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीत एक दुरुस्ती: तो चावेझनी सुरू केलाच नव्हता. ८ सप्टेंबर १९६५ ला डेलानोच्या द्राक्षमळ्यांत काम थांबवलं ते फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली, ताशी १.४० डॉलर मजुरीसाठी. त्याआधी मळेवाले नेहमीची युक्ती करत: फिलिपिनो संपावर गेले की मेक्सिकन आणायचे, मेक्सिकन गेले की फिलिपिनो. आठ दिवसांनी, १६ सप्टेंबरला, म्हणजे मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, चावेझ आणि डोलोरेस हुएर्ता यांच्या संघटनेनं चर्चच्या सभागृहात संपात उतरायचं ठरवलं आणि ती युक्ती मोडली. १९६६ च्या वसंतात डेलानो ते सॅक्रामेंटो अशी २५ दिवसांची पदयात्रा ईस्टरला संपली. १९६८ मध्ये, संपकऱ्यांतल्या काहींचा हात हिंसेकडे वळतोय असं दिसल्यावर, चावेझनी २५ दिवस उपास केला. गांधीजींचा आदर्श ते उघडपणे सांगत, आणि उपास सोडताना शेजारी रॉबर्ट केनेडी बसले होते. मराठी वाचकाला एवढं सांगितलं की चित्र डोळ्यांपुढे येतं, म्हणून पुढे जातो.

कारण संप जिंकण्यामागचं खरं कारण उपास नव्हता. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार कायद्यातून शेतमजुरांना मुद्दाम वगळलेलं होतं. त्यामुळे संघटनेची मान्यता, वाटाघाटीचा हक्क, काहीच नाही. पण १९४७ च्या दुरुस्तीनं इतर कामगार संघटनांवर एक बंधन आलं होतं: मालकाचा माल विकणाऱ्या तिसऱ्याच दुकानावर बहिष्कार घालायचा नाही. शेतमजूर कायद्याबाहेर, म्हणून हे बंधनही त्यांना लागू नाही! ज्या दारातून त्यांना बाहेर काढलं होतं तेच दार हत्यार झालं. शिकागो, बोस्टन, न्यूयॉर्क, टोरांटोच्या किराणा दुकानांबाहेर मजुरांची कुटुंबं उभी राहिली: द्राक्षं घेऊ नका. २९ जुलै १९७० ला डेलानोच्या बड्या मळेवाल्यांनी करारांवर सह्या केल्या.

माझ्या वर्गात मी एक वस्तू नेतो. एका निवृत्त मजुरानं दिलेली आखूड दांड्याची कुदळी. मजूर तिला 'एल कोर्तितो' म्हणत, 'ती आखूड'. दांडा हातभरही नाही. लेट्यूसच्या आणि बिटाच्या वाफ्यात विरळणी-खुरपणी करायला हीच द्यायचे. मी एखाद्या तगड्या मुलाला ती देतो आणि म्हणतो, वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खुरपत जा, कंबर सरळ करायची नाही. परत येईपर्यंत तो हसायचा थांबलेला असतो. मळेवाल्यांचं म्हणणं, लांब दांड्यानं रोपं तुटतात. मुकादमांना तिचा आणखी एक फायदा होता: रांगेत कोण उभं राहिलं ते लांबूनच दिसे. ग्रामीण गरिबांसाठी काम करणाऱ्या वकिलांनी १९७२ मध्ये राज्याच्या सुरक्षा विभागाकडे अर्ज केला, डॉक्टरांच्या साक्षी दिल्या, मणक्यांचं काय होतं ते दाखवलं. विभाग म्हणाला, अवजारात दोष असेल तरच ते धोकादायक. कुदळी तर धडधाकट आहे. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हा अर्थ फार कोता आहे असं सांगितलं आणि त्याच वर्षी कुदळी बंद झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांना गुप्त मतदानानं संघटना निवडण्याचा कायदेशीर हक्कही मिळाला. पण जुन्या मजुरांशी बोला, ते आधी कुदळीचं नाव घेतात.

खेड्यांत हे चालू असताना शहरांत भांडण शाळेचं होतं. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या हायस्कूलमधली हजारो मुलं तास सोडून बाहेर पडली. स्पॅनिश बोललं की शिक्षा, कॉलेजच्या ऐवजी सुतारकाम-शिवणकामाकडे ढकलणारे सल्लागार, गारफिल्ड हायस्कूलमध्ये निम्म्याहून अधिक गळती. त्यांना उभं करणारे लिंकन हायस्कूलचे शिक्षक साल कास्त्रो यांच्यासह तेरा जणांवर कटाचा गुन्हा लागला. त्यांचे वकील ऑस्कर अकोस्टा यांनी बचाव काय केला? ज्या ग्रँड ज्यूरीनं आरोप ठेवले तिच्यात मेक्सिकन माणसं का नाहीत, म्हणून न्यायाधीशांनाच साक्षीला बोलावलं. जॅक्सन काउंटीचा मुद्दा चौदा वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये! खटला पुढे रद्द झाला. त्याच वर्षाअखेरीस सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये काळ्या, आशियाई, लॅटिनो विद्यार्थ्यांनी मिळून महिनोन् महिने संप केला. आज शाळा-कॉलेजांत शिकवला जाणारा एथ्निक स्टडीज, म्हणजे वांशिक समाजांचा अभ्यास, हा विषय त्या दोन वर्षांच्या भांडणांतून जन्मला आहे.

मला मात्र टेक्सासचं क्रिस्टल सिटी अधिक आवडतं. पालकाचं गाव, इतकं की पालक खाऊन ताकद येणाऱ्या पॉपायचा पुतळा १९३७ पासून तिथे उभा. गावात मेक्सिकन लोक प्रचंड बहुसंख्य, सत्ता सगळी गोऱ्यांची. हायस्कूलच्या चीअरलीडर शिक्षक निवडायचे: तीन गोऱ्या, एक मेक्सिकन, हा ठरलेला हिशोब. आणखी एका सन्मानाच्या पदासाठी अट होती की मुलीचे आई किंवा वडील याच शाळेतून उत्तीर्ण झालेले हवेत. ज्या पिढीला शाळेतून सातवी-आठवीत शेतात धाडलं, तिच्या मुलींना ही अट! वरवर पाहता क्षुल्लक गोष्ट. पण डिसेंबर १९६९ मध्ये मुलं बाहेर पडली, नाताळच्या सुट्टीनंतरही आत गेली नाहीत आणि जानेवारीत शाळामंडळ नमलं. होसे आन्हेल गुतिएरेझ आणि त्यांच्या साथीदारांनी त्याच लाटेवर 'ला रासा उनिदा' हा पक्ष काढला आणि एप्रिल १९७० मध्ये शाळामंडळ आणि नगरपरिषद दोन्ही ठिकाणी बाजी मारली. १९७२ मध्ये पक्षाचा उमेदवार टेक्सासच्या राज्यपालपदाला उभा राहून सहा टक्क्यांवर मतं घेऊन गेला. दशकाच्या अखेरीस पक्ष संपला. पण तिथे तयार झालेली माणसं संपली नाहीत: १९७४ मध्ये विली वेलास्केझ यांनी सॅन अँटोनियोत मतदार नोंदणीचं काम हाती घेतलं ते याच पिढीचं.

बाकीच्या दोन मोठ्या नावांचा उल्लेख करतो. न्यू मेक्सिकोत रेयेस लोपेस तिहेरिना यांनी जुन्या सनदी जमिनींचा प्रश्न उचलला. ५ जून १९६७ ला त्यांच्या माणसांनी तिएरा आमारियाच्या न्यायालयावर सशस्त्र धाड घातली आणि राज्यानं रणगाड्यांसह नॅशनल गार्ड उतरवला. डेन्व्हरमध्ये माजी मुष्टियोद्धा कॉर्की गोन्झालेस यांनी १९६९ च्या मार्चमध्ये तरुणांची परिषद भरवली. तिथून 'आस्त्लान'ची कल्पना पसरली: मेक्सिकोच्या प्राचीन ॲझ्टेक लोकांची पुराणातली मूळ भूमी म्हणजे १८४८ मध्ये अमेरिकेकडे गेलेला हाच मुलूख. काव्य म्हणून झकास, राजकारण म्हणून ती फार चालली असं मला वाटत नाही.

२९ ऑगस्ट १९७० ला पूर्व लॉस एंजेलिसमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वीस ते तीस हजारांचा मोर्चा निघाला. या समाजाची मुलं लोकसंख्येच्या मानानं कितीतरी जास्त मरत होती. लहान मुलं, आज्या, डबे घेऊन आलेली कुटुंबं लागुना पार्कमध्ये बसलेली असताना जवळच्या दारूच्या दुकानातल्या कुरबुरीचं निमित्त करून पोलीस मैदानात घुसले. त्या दुपारी 'सिल्व्हर डॉलर' नावाच्या बारमध्ये बसलेल्या रूबेन सालाझार यांच्या डोक्यात शेरीफच्या माणसानं झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं बसलं. 'लॉस एंजेलिस टाइम्स'चा स्तंभलेखक, स्पॅनिश वाहिनीचा वृत्तसंचालक, वय ४२. कोणावरही खटला झाला नाही. ते मैदान आता त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

बायकांचं काय, असं तुमची मुलगी विचारेलच, विचारायलाच हवं. पदयात्रेत स्वयंपाक, कचेरीत टंकलेखन आणि व्यासपीठावर पुरुष, हे इथेही होतं. लाँग बीचच्या विद्यार्थिनींनी स्वतःचं वृत्तपत्र काढलं, १९७१ मध्ये ह्यूस्टनला शेकडो चिकाना, म्हणजे चिकानो बायका, जमल्या. आणि मग एक खटला: लॉस एंजेलिस काउंटीच्या सरकारी रुग्णालयात बाळंतकळा सोसणाऱ्या बायकांच्या इंग्रजी संमतिपत्रांवर सह्या घेऊन नसबंदी केली जात होती. एका तरुण डॉक्टरनं आतून माहिती बाहेर काढली, दहा जणी कोर्टात उभ्या राहिल्या. १९७८ मध्ये त्या हरल्या. तरीही संमतिपत्रं स्पॅनिशमध्ये आली आणि नसबंदीच्या संमतीचे नियम कडक झाले. हरलेल्या खटल्यांनीही काय मिळतं याचं मी नेहमी हे उदाहरण देतो.

मग शेवटी बदललं काय? मी मुलांना सांगतो, पुतळे मोजू नका, फॉर्म बघा. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्यात भाषिक अल्पसंख्याकांचा समावेश झाला. मतपत्रिका स्पॅनिशमध्ये निघू लागल्या, आणि त्याच कलमाच्या आधारानं पुढे शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली आली. म्हणजे क्वीन्समधली एखादी बंगाली आजी तिच्या भाषेत मत देते, त्यात या चळवळीचा वाटा आहे. १९६८ मध्ये सॅन अँटोनियोत स्थापन झालेल्या 'मॅलडेफ' या कायदेविषयक संस्थेनं १९८२ मध्ये टेक्सासच्या टायलर गावचा खटला सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकला: कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून वर्षाला १००० डॉलर मागून शाळेचं दार बंद करता येणार नाही. माझ्या वर्गात दर सत्रात दोन-तीन तरी मुलं अशी असतात जी या एका मतावर बारावीपर्यंत पोचली.

जे बदललं नाही तेही सांगायला हवं. सॅन अँटोनियोच्या एजवूड भागातल्या पालकांनी विचारलं की श्रीमंत वस्तीच्या शाळेला आमच्यापेक्षा इतका जास्त पैसा का. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेही ५ विरुद्ध ४ नं फेटाळलं. आणि चावेझच्या संघटनेनं १९७४ मध्ये कागदपत्रं नसलेले मजूर संप मोडतात म्हणून त्यांची नावं स्थलांतर खात्याला कळवली, ॲरिझोनाच्या सीमेवर स्वतःची माणसं पहाऱ्याला बसवली. पुढच्या काही वर्षांत जुने सहकारी एकेक करून बाहेर घालवले गेले. प्रोजेक्टच्या तक्त्यावर हे सहसा येत नाही. आलं तर शिक्षक जास्त गुण देतील, निदान मी तरी दिले असते.

मुलीला घेऊन एकदा सॅन डिएगोच्या चिकानो पार्कला जाऊन या. वस्तीच्या डोक्यावरून पूल नेला, खाली बाग देऊ म्हणाले आणि एप्रिल १९७० मध्ये तिथे पोलीस चौकीसाठी बुलडोझर आले. लोक बारा दिवस बसून राहिले. आज त्या पुलाच्या खांबांवर चित्रं आहेत. त्यांचं घराणं मेक्सिकोचे भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेरा यांचं. आणि रिव्हेरांनी मेक्सिको सिटीच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर आपल्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंना, म्हणजे मेक्सिकोत शेतीतज्ज्ञ झालेल्या क्रांतिकारकाला, रंगवलं आहे, हेही तिला जाता जाता सांगा.

राहिली एक व्यवहाराची गोष्ट. मुलगी मैत्रिणीच्या आजोबांची मुलाखत घेणार असेल तर त्यांना थेट 'तुम्ही चिकानो का' असं विचारू नका. त्यांच्या तरुणपणी तो शब्द ज्या टोनमध्ये वापरला जाई तो त्यांच्या कानात असू शकतो. काहींना 'मेक्सिकन' आवडतं, काहींना 'मेक्सिकन-अमेरिकन', टेक्सासचे म्हणतील 'तेहानो'. त्यांना आधी विचारा: जनगणनेच्या फॉर्मवर तुम्ही वंशाच्या रकान्यात काय लिहिता? २०२० पर्यंत तिथे त्यांच्यासाठी नेमकं घर नव्हतं, आणि लाखो लोकांनी 'इतर वंश'वर खूण केली. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं नियम बदलला. 'हिस्पॅनिक किंवा लॅटिनो' आता इतर वंशांच्या बरोबरीनं त्याच प्रश्नात आलं. आजोबांनी काय लिहिलं आणि का, एवढंच तिला ऐकू दे. प्रोजेक्ट तिथूनच सुरू होईल.